काल्पनिक लष्करी काडतूस रचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत युद्धकथा, विज्ञानकथा, कॉमिक्स किंवा गेम लिहिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरण म्हणून आम्ही एक काडतूस रचले आहे: ‘६.५×४२ वैनगंगा’. ते कुठेही अस्तित्वात नाही, त्याचे सगळे आकडे आमचे आहेत. ज्या खऱ्या काडतुसांशी त्याची तुलना केली आहे त्यांचे आकडे मात्र खरे आहेत.

काल्पनिक काडतूस हवेच कशाला? सरळ ५.५६ लिहिले तर?

कथा आजच्या भारतात घडत असेल तर सरळ ५.५६ किंवा ७.६२ (सैन्यातल्या खऱ्या काडतुसांची नावे) लिहा, उगाच नवे काढू नका. कथा पंधरा-वीस वर्षे पुढची असेल, इतिहासाला वेगळे वळण दिले असेल, किंवा संशोधन करणारी माणसेच कथेच्या केंद्रस्थानी असतील, तरच नवे काडतूस उपयोगाचे. तेव्हा ते नुसते ‘अत्याधुनिक’ असून भागत नाही. प्रत्येक खऱ्या काडतुसाने काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेले असते. तुमच्या काडतुसाने काय सोडले हे तुम्हाला ठाऊक नसेल तर वाचकाला ते खोटे वाटणारच.

काडतूस, गोळी, पुंगळी, राउंड: यांत फरक काय?

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच, जवानांच्या तोंडी ‘राउंड’. पुंगळी (पितळी नळकांडे), तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. घोडा ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, प्रायमरची ठिणगी छिद्रातून दारूपर्यंत जाते, दारू जळून वायू होतो आणि वायू गोळीला नळीतून ढकलतो. त्याच क्षणी पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणूनच बाहेर खेचता येते. पुंगळीचे हे फुगणे-आकसणे नीट समजून घ्या. पुढची निम्मी उत्तरे त्यावरच उभी आहेत.

‘त्याच्या छातीतून काडतूस काढले’ हे वाक्य कधीच लिहू नका. छातीतून निघते ती गोळी.

नावातले आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा नळीचा नाममात्र व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नाममात्र म्हणायचे कारण, नळीच्या आत पेचदार खाचा असतात आणि गोळी त्या खाचांत रुतायला हवी, म्हणून ती नावापेक्षा थोडी जाड असते. ७.६२ ची गोळी प्रत्यक्षात ७.८२ मिमी असते, ५.५६ ची सुमारे ५.७. आपल्या वैनगंगेची गोळी ६.७१ मिमी आहे. तुमच्या पात्राने कॅलिपरने गोळी मोजली आणि बरोबर ६.५ भरली, तर ती गोळी नळीत सैल पडेल.

इंग्रजी अमदानीतले .३०३ हे इंचातले नाव. तिथेही गोळी .३११ इंचाच्या आसपास होती.

सुरुवात कुठून करायची?

गरजेपासून. जुन्या काडतुसाने कुठे दगा दिला हे आधी ठरवा.

आपला खरा इतिहास यासाठी पुरेसा आहे. .३०३ हे १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्यात आले, तेही काळ्या दारूवर. धूर कमी करणारे कॉर्डाइट १८९१ मध्ये आले. हे काडतूस भारतीय सैन्याने दोन महायुद्धांत आणि त्यानंतरही वापरले. १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२×५१ कडे जाण्याची घाई झाली. ईशापूरच्या कारखान्याने जुन्या बोल्ट रायफलचाच (बोल्ट म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी दांडा) साचा नव्या काडतुसासाठी मजबूत करून २ए१ बनवली, आणि तिच्या जोडीला १ए१ ही सेल्फ लोडिंग रायफल आली. पुढे वजन कमी करायचे म्हणून इन्सास ही भारतीय रायफल आणि ५.५६×४५. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिने (रायफलीला लावायच्या काडतुसांच्या पेट्या) थंडीत तडकल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर पुन्हा उलटा प्रवास सुरू झाला: २०१९ मध्ये ७.६२×५१ च्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींची मागणी, आणि अमेठीजवळ कोरव्याला ७.६२×३९ ची एके-२०३.

म्हणजे आज एकाच सैन्यात तीन वेगळी रायफल काडतुसे आहेत. पुरवठा सांभाळणाऱ्याची ही रोजची डोकेदुखी आहे. ‘तिघांच्या जागी एक’ ही मागणी त्यामुळे कथेत अगदी सहज उभी राहते. वैनगंगेचा जन्म आम्ही तिथेच ठेवला आहे.

६.५ च का?

हवेला कापत जाण्याची गोळीची क्षमता तिच्या वजनाच्या आणि जाडीच्या प्रमाणावर अवलंबून असते. वजनाला (ग्रॅम) व्यासाच्या वर्गाने (मिमी) भागा. ५.५६ ची ४ ग्रॅमची गोळी: ०.१२. ७.६२×५१ ची ९.५ ग्रॅमची: ०.१५५. वैनगंगेची ७.८ ग्रॅमची: ०.१७. आकडा मोठा तेवढा वेग कमी गळतो आणि वाऱ्याने गोळी कमी सरकते.

म्हणून ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली वैनगंगेची गोळी ५०० मीटरवर साधारण ५२० वर असते आणि तिच्यात हजारेक ज्यूल ऊर्जा उरते. ५.५६ ची गोळी ९२० ने निघूनही तिथवर पोचेपर्यंत ४४० च्या आसपास येते, ऊर्जा ४०० ज्यूलच्याही खाली. ७.६२×५१ ची गोळी वैनगंगेच्या बरोबरीने चालते, पण त्यासाठी काडतूस बरेच जड लागते.

हा शोध नवा नाही. ब्रिटिशांचे .२८० (७×४३) याच विचाराने दुसऱ्या महायुद्धानंतर तयार झाले होते. २००३ चे ६.५ ग्रेंडेल, ६.८×४३ आणि चीनचे ५.८×४२ हीसुद्धा मधल्या जागेचीच उत्तरे. तुमच्या कथेतला शास्त्रज्ञ ‘हे कुणाला सुचलेच नव्हते’ असे म्हणाला तर जाणकार वाचक पुस्तक तिथेच मिटेल.

वजन आणि धक्क्याचे आकडे कसे काढायचे?

वजनापासून सुरू करा, कारण जवानाच्या खांद्यावर पहिल्यांदा तेच येते. ५.५६ चे एक काडतूस सुमारे १२.३ ग्रॅम, ७.६२×३९ चे १६.५, ७.६२×५१ चे २४. सहा ७.६२×५१ म्हणजे एक बऱ्यापैकी नागपुरी संत्रे. वैनगंगेला आम्ही १७.५ ग्रॅम धरले आहेत. तीस-तीसची सात मॅगझिने, म्हणजे २१० काडतुसे, धरली तर नुसत्या काडतुसांचे वजन ५.५६ मध्ये २.६ किलो, वैनगंगेत ३.७ किलो, ७.६२×५१ मध्ये ५ किलो.

हाच तो सोडलेला भाग. ५.५६ वाल्या जवानाला वैनगंगा दिली की त्याच्या पाठीवर किलोभर वाढते, किंवा वजन तेच ठेवायचे तर ६० काडतुसे कमी न्यावी लागतात. कथेतल्या कंपनी कमांडरला हे आवडणार नाही, आणि त्याचे म्हणणे चूक नाही.

धक्क्याचा हिशेब असा. गोळीचे वजन (किलो) गुणिले वेग, अधिक दारूचे वजन गुणिले साधारण १२००, कारण जळलेला वायूही नळीतून वेगाने निघतो आणि रायफलीला मागे ढकलतो. या बेरजेचा वर्ग करून रायफलीच्या वजनाच्या दुपटीने भागा. चार किलोच्या रायफलीत ५.५६ ला सुमारे ४ ज्यूल येतात, वैनगंगेला ९ च्या थोडे वर, ७.६२×५१ ला जवळपास १७. बर्स्ट (एका दमात लागोपाठ गोळ्या) मारताना ४ ज्यूलची रायफल लक्ष्यावर धरता येते, १७ ची दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला आभाळाकडे जाते. ९ ची अनुभवी हातात राहते, रंगरुटाच्या हातात नाही. प्रशिक्षणाचा प्रसंग लिहिणार असाल तर ही ओळ पुरेशी आहे.

पुंगळीचा आकार कथेत कशाला लागतो?

कारण रायफल अडकते ती बहुतेक वेळा आकारामुळे.

एक, उतार. ७.६२×३९ ची पुंगळी बुडापासून तोंडाकडे चांगलीच निमुळती आहे. अशी पुंगळी जरा हलली की भिंतीपासून सुटते, म्हणून चिखल-धुळीतही बाहेर येते. पण निमुळती काडतुसे एकावर एक रचली की रांग वाकते, म्हणून एकेचे मॅगझीन केळ्यासारखे. सरळ भिंतीच्या पुंगळीत दारू जास्त मावते आणि मॅगझीनही सरळ होते, पण घाण साचली की ती लवकर रुतते. वैनगंगेला आम्ही मध्यम उतार दिला, म्हणून तिचे मॅगझीन इन्सासपेक्षा जरा जास्त वाकलेले आहे.

दोन, कड. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड होती. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकत. त्यामुळे नव्या लष्करी रायफल काडतुसांना बाहेरची कड नसते, बुडाजवळ खाच असते. वैनगंगेलाही खाचच.

तीन, बुडाचा व्यास. ५.५६ चे बूड ९.६ मिमी, आपले ११.२. पाव इंचही फरक नाही, पण बोल्टवर येणारे बळ क्षेत्रफळाच्या हिशेबाने वाढते. बाहेरच्या व्यासावर ढोबळ गणित केले तर ५.५६ मध्ये २.८ टन आणि वैनगंगेत ३.७ टन. शिवाय रुंद बूड बसवायला बोल्टचे तोंड कोरून मोठे करावे लागते, म्हणजे बळ वाढते तिथेच पोलाद कमी होते. ५.५६ च्या बोल्टमध्ये हे बूड बसवले तर काही हजार फेऱ्यांनंतर बोल्टचे दात मुळाशी तडकतात. ‘जुन्याच रायफलीत नुसती नळी बदलली’ असे लिहायचा मोह आवरा.

काडतुसाची एकूण लांबी इतकी महत्त्वाची का?

५.५६ चे पूर्ण काडतूस ५७.४ मिमी, ७.६२×५१ चे ७१. रायफलीत मॅगझीन बसायची खोबण आणि बोल्टचा प्रवास या लांबीवरच ठरतात. वैनगंगा आम्ही ६३ मिमीची ठेवली. लांब, सडपातळ गोळी ५७ मध्ये कोंबली तर ती पुंगळीत खोल जाऊन दारूची जागा खाते. ६३ केल्यावर ती मोकळी बसते, पण इन्सासच्या सांगाड्यात मावत नाही. मग नवी रायफल, नवी मॅगझिने, नवी पाऊचेस, नव्या पेट्या, नवे प्रशिक्षण. खर्चाच्या फाइलीवर सही करणाऱ्या पात्राला बोलायला इथे भरपूर वाव आहे.

दाब वाढवून वेग वाढवला तर?

वाढतो. अमेरिकेच्या भूसैन्याने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८×५१ मध्ये दाब ८०,००० पीएसआय, म्हणजे साधारण ५५० मेगापास्कल आहे. तुलनेला, ७.६२×३९ मध्ये ३५५ च्या आसपास. इतका दाब नुसते पितळ पेलत नाही, म्हणून त्या पुंगळीचे बूड पोलादाचे आणि वरचा भाग पितळेचा आहे. किंमत मोजावी लागते ती नळीच्या झिजेत, धक्क्यात आणि कारखान्यातल्या नव्या यंत्रांत. वैनगंगेला ३७० वर थांबवले, कारण तिची पुंगळी आजच्या पितळी लाइनवर निघायला हवी होती.

पुंगळी पितळेचीच का? आणि पितळ कुठे दगा देते?

सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले पितळ थंडपणे खेचता येते, फुगते, परत आकसते आणि गंजत नाही. सोव्हिएत पद्धतीच्या काडतुसांत लाखेचा थर दिलेले पोलादही चालते. ते स्वस्त पडते, पण कमी आकसते.

पितळेची एक जुनी गोष्ट मात्र भारतातलीच आहे आणि कथालेखकाने ती सोडू नये. ब्रिटिश काळात पावसाळ्यात हालचाली थांबल्या की दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना भेगा! म्हणून त्या दोषाला ‘ऋतूची भेग’ अशा अर्थाचे नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये उलगडले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पत्रा थंडपणे खेचताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप तडकते. यातले एक जरी काढले तरी भेग पडत नाही. म्हणून पुंगळी कमी तापमानाला तापवून तिच्यातला ताण सोडवतात.

पुंगळीची मान तापवून नरमही करतात, नाहीतर गोळी धरून ठेवणाऱ्या ताणाने ती साठवणीतच फाटते. लष्करी काडतुसाच्या मानेवर दिसणारा निळसर-जांभळा पट्टा याच तापवण्याचा. तो पुसत नाहीत, काम झाल्याची ती खूण असते. कथेत निरीक्षकाने पेटी उघडली आणि एका लॉटवर तो पट्टाच नव्हता, एवढ्या एका तपशिलावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

नागपूरच्या उन्हाचा काडतुसावर परिणाम होतो का?

होतो. दारू गरम असेल तर लवकर जळते, दाब चढतो. नवतप्यात हवा ४५-४६ अंशांवर असते, आणि उन्हात उभ्या गाडीतली लोखंडी पेटी त्याच्या कितीतरी पुढे जाते. आमच्या वैनगंगेचे आकडे असे: २१ अंशांना ८०० मीटर प्रतिसेकंद, ५२ अंशांना ८२२, उणे ४० ला ७६०. दाब ३७० वरून गरमीत ४०५ ला पोचतो. म्हणून रचनाकार सुरक्षेची हद्द उन्हाळ्यावर ठरवतो आणि मारा पुरेसा आहे की नाही ते हिवाळ्यावर.

तापलेल्या नळीची गोष्ट वेगळी. सलग दोनशे-अडीचशे फेऱ्या झाडल्यावर चेंबर इतका तापतो की आत ठेवलेले काडतूस घोडा न ओढताच उडू शकते. जर्मनीच्या जी-११ या रायफलीत पुंगळीच नव्हती, दारूचीच घट्ट वडी होती. पुंगळी बाहेर पडताना बरीच उष्णता सोबत नेते हे तिच्या रचनाकारांना तिथे महागात पडले, वडी चेंबरमध्ये आपोआप पेटण्याची समस्या सोडवायला त्यांना वर्षे लागली.

सियाचीनचा प्रसंग लिहीत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. साडेपाच हजार मीटरवर हवा विरळ, त्यामुळे गोळीला अडथळा कमी. मैदानात झीरो केलेली (नेम जुळवलेली) रायफल लांब अंतरावर वर मारते. थंड दारूमुळे वेग कमी होतो, तो खाली खेचतो. दोन्ही एकमेकांना पुरते कापत नाहीत, म्हणून तिथे पुन्हा झीरो करावेच लागते.

चाचण्यांमध्ये काय काय बिघडते?

कथेला सर्वांत जास्त मसाला इथे मिळतो, म्हणून कारणांसह सांगतो.

पुंगळी आत रुतली, एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने) बुडाची कड फाडली: दाब उतरायच्या आत बोल्ट उघडतोय, किंवा चेंबर खरबरीत आहे, किंवा पितळ जास्त नरम राहिल्याने आकसले नाही. तिन्ही कारणांवर तीन वेगळे विभाग एकमेकांकडे बोट दाखवतील, आणि हे अगदी खरे वाटेल.

पुंगळी मधून तुटली, पुढचा अर्धा भाग आतच राहिला: चेंबर आणि बोल्टमधली जागा वाढली आहे. फुगताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बूड मागे ताणले जाते आणि बुडाच्या थोडे वर पत्रा पातळ होऊन सुटतो. पुढचे काडतूस त्या अर्ध्या पुंगळीत घुसून रायफल पूर्ण बंद पडते.

प्रायमरला भोक पडले, तोंडावर गरम वायू आला: दाब फार, किंवा फायरिंग पिन लांब अथवा टोकदार. झाडलेल्या प्रायमरकडे बघून जाणकार दाबाचा अंदाज घेतात. कडा गोल राहिल्या असतील तर ठीक, सपाट होऊन खोबणीत पसरल्या असतील तर दाब जास्त. पण हा अंदाजच. खरा दाब चेंबरला जोडलेल्या स्फटिक सेन्सरवर मोजतात.

घोडा ओढला, नुसता ‘टक’: प्रायमर खोल बसला आहे, ओल लागली आहे, किंवा थंडीत वंगण घट्ट होऊन पिनचा मार हलका पडला. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेलाच धरून थांबतात, कारण प्रायमर कधी उशिराने पेटतो. पात्राने लगेच बोल्ट ओढून काडतूस हातात घेतले तर तो अननुभवी आहे, हे वाचकाला न सांगता कळते.

‘फुस्स’ असा बारीक आवाज, धक्का नाही: दारू कमी पडली किंवा भरलीच नाही, गोळी नळीतच अडकली. यानंतरची फेरी झाडली तर नळी फुगते वा फाटते. भरण्याच्या यंत्रावर प्रत्येक काडतूस तपासले जाते ते याच भीतीने.

गोळी पुंगळीत मागे ढकलली गेली: तोंडाची पकड सैल. मॅगझीनमधून जोरात वर चढताना गोळी रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटून आत सरकते, दारूची जागा कमी होते, दाब भडकतो. एकच काडतूस वारंवार चढवून-उतरवून पहाऱ्यावर वापरले की हे हमखास होते. पहारेकऱ्याच्या कथेत वापरा.

काडतूस चांगले, तरी रायफल बदनाम. असे खरेच होते का?

व्हिएतनाममध्ये झाले. एम-१६ रायफल एका प्रकारच्या दारूवर विकसित झाली आणि सैन्यात देताना दारू दुसऱ्या प्रकारची, गोलदाणेदार आली. बोल्टची गती वाढली, घाण वाढली, त्यात सफाईचे साहित्य पुरेसे दिले नव्हते आणि चेंबरला क्रोमचा थर नव्हता. पुंगळ्या रुतू लागल्या, जवान हातात बंद रायफल घेऊन मेले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने याची चौकशी केली. दोष कुणा एकाचा नव्हता, दोन ठीक वस्तू न तपासता एकत्र जोडल्या गेल्या. खलनायकाशिवायची शोकांतिका हवी असेल तर यापेक्षा चांगला नमुना नाही.

विकासाला किती वर्षे दाखवावीत? उत्तम काडतूस नाकारले जाऊ शकते का?

दहा वर्षांपेक्षा कमी दाखवलीत तर कारण द्या. इन्सासवर १९८० च्या दशकात काम सुरू झाले आणि ती दशकभरानंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीकडे सैन्यात रुळली.

आणि हो, नाकारले जाते. ब्रिटनने १९५१ मध्ये .२८० ची ईएम-२ रायफल स्वीकारल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकार बदलले, चर्चिल परतले आणि निर्णय मागे घेतला गेला, कारण अमेरिकेला मोठेच काडतूस हवे होते आणि नाटोत सर्वांचे एक हवे होते. १९५४ मध्ये ७.६२×५१ ठरले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिका स्वतः ५.५६ कडे वळली. काडतुसाचा निकाल लक्ष्यफलकावर लागत नाही. कोठारात आधीच किती कोटी जुनी काडतुसे पडून आहेत आणि मित्रराष्ट्र काय वापरते, तिथे लागतो. वैनगंगेच्या वाटेतही आम्ही कोठारातला ५.५६ चा साठाच आडवा घातला आहे.

कथा नागपूर परिसरात ठेवायची तर कोणत्या जागा बसतात?

विदर्भ दारूगोळ्याचाच पट्टा आहे. नागपुरात अंबाझरीचा आयुध कारखाना, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला प्रोपेलंट बनवणारा कारखाना, भद्रावतीला चांदा आयुध कारखाना, वर्धा जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार, कामठीला गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र. स्फोटकांच्या परवान्यांची केंद्रीय संस्था ‘पेसो’ हिचे मुख्यालयही नागपुरातच. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपूर. त्याआधीची कथा असेल तर कंपन्यांची नावे घालू नका.

छोट्या शस्त्रांची काडतुसे मात्र नागपुरात बनत नाहीत. ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आणि पुण्यात खडकीला, जिथला कारखाना १८६९ चा आहे. रायफलींची रचना पुण्यात पाषाणच्या ‘एआरडीई’मध्ये होते. म्हणून वैनगंगेची दारू भंडाऱ्याची, पुंगळी वरणगावची, रायफल पुण्याची. आणि माणसे, फाइली, परवाने नागपुरात एकत्र येतात. हे भूगोलाला धरून आहे.

एक विनंती मनापासून. स्फोटाचा प्रसंग रंगवताना सांभाळा. ३१ मे २०१६ ला पुलगावला आणि २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला माणसे गेली आहेत. त्यांच्या घरचे मराठीच वाचतात.

जवान आपसांत काडतुसाला काय म्हणतात?

‘राउंड’. झाडलेल्या पुंगळीला ‘खोखा’ किंवा ‘एम्टी’. रायफल अडकली तर ‘स्टॉपेज’ किंवा हिंदी सरावातला ‘रोक’. पलटणीची भाषा हिंदीमिश्रित असते, त्यामुळे दोन मराठी जवानही रेंजवर ‘साहेब, दोन खोखे कमी आहेत’ असेच बोलतील. फायरिंग संपल्यावर खोखे मोजून परत करावे लागतात, एक कमी पडला तरी सगळे गवतात वाकून शोधतात. ‘पुंगळी’ हा शब्द पोलीस पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रात शोभतो. तिथे ‘जिवंत काडतूस’ आणि ‘रिकामी पुंगळी’ असेच लिहितात.

बुडावरचा शिक्का आणि टोकाचा रंग काय दाखवावा?

शिक्क्यात कारखान्याची खूण आणि वर्ष पुरे. खडकीच्या जुन्या काडतुसांवर ‘केएफ’ दिसते. काल्पनिक काडतुसावर खऱ्या कारखान्याची खूण देऊ नका. रंगांत ५.५६ च्या एसएस१०९ या गोळीचे टोक हिरवे असते, नाटो पद्धतीत काळे टोक चिलखतभेदी, लाल टोक प्रकाशरेषा सोडणारे.

फुटून पसरणारी गोळी दाखवता येईल का?

दोन देशांच्या युद्धात नियमित सैन्याला देऊ नका. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशी गोळी बनली, म्हणून तिचे नावच डमडम पडले, आणि १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. वैनगंगेची गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणाची आहे.

आमच्या कथेसाठी खरेच एखादे काडतूस बनवून पाहता येईल का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे, जवळ ठेवणे, दोन्ही गुन्हे आहेत, आणि ‘कथेसाठी’ हे कारण कोणतेही पोलीस ठाणे ऐकणार नाही. कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत जुने जिवंत काडतूस सापडले तर त्याला हात न लावता ठाण्यात कळवा. दारूचे प्रमाण, मिश्रण, भरण्याची पद्धत आम्ही इथे मुद्दाम दिलेली नाही, ईमेलवर विचारूनही मिळणार नाही. कथेला त्याची गरजही पडत नाही.

आकाराचा अंदाज हवा असेल तर लाकडाचा नमुना सुताराकडून करून घ्या: ६३ मिमी लांब, बूड ११.२ मिमी, त्यातला ४२ मिमी पुंगळीचा, गोळी ६.७ च्या आसपास आणि मान तिच्याहून जरा जाड. पात्राच्या मुठीत ते कसे दिसेल हे लगेच कळते.

जुनी शस्त्रे प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

नागपुरात मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असून सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला आत सोडतात. ओळखपत्र घ्या, सकाळी लवकर पोचा, आणि सैनिकाने फोटो काढू नका म्हटले तर काढू नका.